मनोविकारांवरचं नवं संशोधन दहा मिनिटांच्या ऑडिओत: संहिता कशी लिहावी?

फोंडेकर_वाचक:
वाचनालयातर्फे मानसिक आरोग्यावरचं नवं संशोधन मराठीतून ऐकवायचंय. महिन्याला दहा मिनिटांची एक फाइल, व्हॉट्सॲपवर. शोधनिबंध वाचून समजतात, पण त्यांचा सारांश तसाच वाचला की ऐकणारा दुसऱ्या मिनिटाला सुटतो. शब्द किती, आकडे किती? औषधांबद्दल काय पथ्य पाळायचं?

मांडवीकाठ:
१२०० शब्द पुरे, त्याहून जास्त झाले की वाचणारा धावतो. एका भागात एकच निबंध घ्या. निष्कर्षाआधी तीन गोष्टी यायला हव्यात: अभ्यास कोणावर झाला, कशाशी ताडून पाहिलं आणि किती काळ.

सुरुवात गोव्यातल्याच कामाने करा. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या इथल्या संगाथ या संस्थेची चाचणी २०१७ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. इथली दहा प्राथमिक आरोग्य केंद्रं, बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशन असलेले ४९५ रुग्ण. निम्म्यांना थोडे सुधारलेले नेहमीचे उपचार. बाकीच्यांना त्याच्या जोडीला प्रशिक्षित समुपदेशकाच्या ६ ते ८ बैठका. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. तीन महिन्यांनी लक्षणं ओसरलेले ३९ टक्के विरुद्ध ६४ टक्के.

आता हे बोलून बघा. 'एकोणचाळीस' कानावर पडलं की निम्मे लोक मनात पन्नासाकडे जातात. त्यापेक्षा 'शंभरातले साधारण चाळीस, आणि बैठका मिळालेल्यांतले पासष्टच्या आसपास' म्हणा. 'बरे झाले' मात्र म्हणू नका. नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत गुण दहाच्या खाली आले, एवढंच मोजलं होतं. पी-व्हॅल्यू हा संख्याशास्त्रातला आकडा कागदावरच राहू दे.

तिसवाडी_७:
'धोका दीडपट वाढला' हे वाक्य संहितेत दिसलं की खोडा. हजारात दोघांचे तिघे झाले तरी दीडपटच होतं! हजारातले किती, ते सांगा.

'गोळ्या स्वतःहून बंद करू नका' ही सूचना शेवटी ठेवू नका, औषधाच्या वाक्याला लागूनच द्या. लोक फाइल अर्धीच ऐकतात. कारणही सांगा, नाहीतर ते नुसतं दटावणं वाटतं: डिप्रेशनच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होऊ शकतं, बायपोलर आजारावरचं लिथियम हे औषध एकदम तोडलं तर उन्माद उलटू शकतो.

आत्महत्येचा विषय असेल तर पद्धत आणि जागा सांगायची नाही. 'अयशस्वी प्रयत्न' हा शब्दप्रयोगही नको. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 'एक चार चार एक सहा' असा सुटा, दोनदा वाचा. 'चौदा हजार चारशे सोळा' ऐकून कोणी फोन लावत नाही.

निबंध तज्ज्ञांनी तपासण्याआधीचा असेल तर पहिल्याच मिनिटात तसं सांगा. खरं तर असे निबंध घेऊच नका.

कौलारू:
पावसाळ्यात पत्र्याखाली रेकॉर्डिंग करू नका. पावसाचा आवाज जाड-बारीक सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो. तो सॉफ्टवेअरने काढायला गेलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा होतो. कपड्यांचं उघडं कपाट समोर, पंखा बंद. माइक वीतभर अंतरावर, तोंडाच्या किंचित बाजूला, म्हणजे 'फ' आणि 'भ' फुटत नाहीत. ८० हर्ट्झखालचे खर्जातले आवाज कापा.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लाउडनेस उणे १६ एलयूएफएस ठेवा आणि मोनोला, म्हणजे एकाच चॅनलच्या रेकॉर्डिंगला, ड्युअल-मोनो धरण्याची खूण करा. ती राहिली तर आवाज ३ डेसिबल जास्त चढतो. ६४ केबीपीएस मोनो एमपी३ मध्ये दहा मिनिटं ५ एमबीच्या आत बसतात.

फोंडेकर_वाचक:
आभारी आहे. 'नैराश्य' म्हणू की 'डिप्रेशन'?

मांडवीकाठ:
'डिप्रेशन'. 'नैराश्य' म्हटलं की परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटतं. लगेच पुढे लक्षणं सांगा: पहाटे तीनला जाग येणं, जेवण न जाणं, पूर्वी आवडायचं त्यात मन न लागणं, हे दोन आठवडे रोज. दवाखान्यात लोक याला 'टेन्शन' म्हणतात, तो शब्दही एकदा येऊ द्या.