रॅम्प मोजायचा की मुलाचा दिवस?

संशोधक_ताई: एम.एड.च्या प्रबंधासाठी आमच्या तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांमधलं समावेशित शिक्षण, म्हणजे दिव्यांग मुलांनी नेहमीच्या वर्गात इतरांसोबत शिकणं, अभ्यासतेय. हाती तपासणी सूची आहे: रॅम्प आहे का, कठडा आहे का, पटावर दिव्यांग विद्यार्थी किती. परवा एका शाळेत सगळीकडे 'होय' भरलं आणि चौथीच्या वर्गात मागे जाऊन बसले. कमी ऐकू येणारी एक मुलगी फळ्यावरचं सुबक अक्षरात उतरवत होती. बाई फळ्याकडे तोंड करून बोलायला लागल्या की ती शेजारणीच्या वहीत डोकवायची. शाळा सुटेपर्यंत तिला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. माझ्या सूचीत याला रकानाच नाही. अशा दहा मुलांचा एकेक पूर्ण दिवस नोंदवला तर तो दोनशे शाळांच्या कोष्टकापेक्षा जास्त सांगेल, असं माझं ठाम मत आहे.

आकडेमोड: नाही पटलं. तुमचे दहा दिवस वाचून लोक हळहळतील, पदं मंजूर होणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीशकुमार पांडे प्रकरणात प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. ते मागायचं तर आधी मुलं मोजायला हवीत.

कर्णबधिर_मुलाची_आई: तुम्ही दोघंही नेहमीची शाळाच धरून चाललाय. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचं कलम ३१ लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळची शाळा किंवा त्याच्या पसंतीची विशेष शाळा, दोन्ही देतं. माझा मुलगा दोन वर्षं नेहमीच्या शाळेत होता. प्रगतिपुस्तकात शेरा काय, तर "शांत मुलगा". आता कर्णबधिर शाळेत आहे आणि घरी आल्या आल्या कुणाचं कुणाशी भांडण झालं ते खुणांच्या भाषेत रंगवून सांगतो. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, बाकीच्या शालेय शिक्षण विभागाकडे. तुमच्या कोष्टकातून गेलेलं मूल कुठे गेलं, हे तुम्हाला कळणार कसं?

फिरती_शिक्षिका: ताई, तुमच्या मुलाचं ऐकून बरं वाटलं. पण माझ्या गावांमधून विशेष शाळा म्हणजे जिल्ह्याचं ठिकाण आणि वसतिगृह. सहा वर्षांचं पोर तिथे ठेवायचं, याला मी पसंती म्हणणार नाही. आणि आकडेमोड, मी दिव्यांग मुलांना शिकवायला शाळाशाळांत फिरते; माझी 'भेट' नोंदवहीत सहीनिशी असते. प्रत्यक्षात मला मिळतात व्हरांड्यातली वीस मिनिटं, तीही मुलाला गणिताच्या तासातून उठवून. हा आकडा तुम्ही कशात धरणार?

संशोधक_ताई: भेट किती मिनिटांची आणि वर्गात की वर्गाबाहेर, हे दोन रकाने आजच वाढवते. शाळा सोडलेल्यांचे दाखले कुठे गेले तेही विचारेन. दिवस मात्र सोडणार नाही. सोमवारी त्याच वर्गात बसतेय, या वेळी पुढच्या बाकाजवळ. बाईंचं तोंड त्या मुलीला किती मिनिटं दिसतं, ते घड्याळ लावून लिहायचंय.