अनुभव धागा : बारावा दिवस

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराबद्दल कुणालाही विचारा, पहाटे चारची घंटा, मौन, जमा केलेला मोबाइल आणि दुखरे गुडघे, एवढं हमखास ऐकायला मिळतं. न गेलेल्यांनाही ते आता पाठ झालंय. म्हणून या धाग्याचा विषय त्याच्या पुढचा ठेवलाय. दहाव्या दिवशी मौन सुटतं, अकराव्या दिवशी सकाळी आपण पिशवी उचलून बाहेर पडतो. बाराव्या दिवशी घरी काय होतं? सहा महिन्यांनी काय उरतं?

विपश्यना, आनापान, विहारातली वंदना, मैत्री भावना, काहीही चालेल. अर्ध्यातून सोडून आलेल्यांनी तर आवर्जून लिहा. ‘आयुष्य बदललं’ असं लिहिणार असाल तर नेमकं काय बदललं तेही सांगा. केंद्राबद्दल तक्रार असेल तर नाव न घेता लिहा.

सुरुवात मीच करते.

कसारा_फास्ट

2011च्या जुलैत इगतपुरीला गेले होते. त्या महिन्यात तिथल्या धम्मगिरी केंद्रात डोंगर दिसत नाही, पॅगोडा अर्धा दिसतो आणि कपडे वाळत नाहीत. पहिले तीन दिवस आनापान. नाकपुड्यांपाशी, वरच्या ओठावर श्वास कुठे लागतो तेवढंच बघायचं. ऐकताना पोरखेळ वाटतो. चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. मग डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघत जायचं, आणि दिवसातून तीनदा तासभर अधिष्ठान, म्हणजे डोळे, हात, पाय काहीच हलवायचं नाही.

त्या तासांत माझ्या कानात गोयंका गुरुजी (ध्वनिमुद्रित सूचना त्यांच्याच आवाजात असतात) कमी आणि माझी नणंद जास्त होती. सासरच्या जागेच्या हिश्शावरून आमचं तीन वर्षं वाजत होतं. मी मनातल्या मनात तिच्याशी भांडायचे, जिंकायचे, पुन्हा पहिल्यापासून भांडायचे. सहाव्या दिवशी कधीतरी लक्षात आलं की वाक्य सुचायच्या आधीच माझा गळा आवळला जातो. आधी गळा, मग वाक्य. इतकी वर्षं मला वाटत होतं, तिच्या बोलण्याने मला राग येतो. इथे तर ती नव्हतीच, आणि राग वेळेवर हजर होता.

बाराव्या दिवशी तिचा फोन आला. गळा आवळला. मला कळलं की आवळला. दोनेक सेकंद मी गप्प राहिले. आणि मग जे तीन वर्षं बोलत होते तेच बोलले, शब्दाला शब्द.

ते दोन सेकंद मात्र माझ्याकडे अजून आहेत. कधी कधी त्यांचे चार होतात.

पिंपळपान

मी नागपूरची. आमच्या घरी बुद्ध शिबिरातून आलेला नाही, तो 14 ऑक्टोबर 1956ला दीक्षाभूमीवरून आजीच्या मांडीवरून आला. म्हणजे मांडीवर माझा बाप होता, सव्वा वर्षाचा. आजी पांढरं लुगडं नेसून चालत गेली होती. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन चालतं. लहानपणी आम्ही पोरं शेवटी मिळणाऱ्या खिरीसाठी बसायचो, आणि खिरीची वाट बघता बघता पुस्तक कानात शिरलं.

मी शिबिराला जाते म्हटल्यावर घरात दोन पक्ष पडले. काकांचं म्हणणं, ‘बाबासाहेबांनी संघटित व्हा म्हटलं, डोळे मिटून बसा नाही म्हटलं.’ आजी काही बोलली नाही. गेले. साधना मनापासून आवडली, पण संध्याकाळच्या प्रवचनात मागच्या जन्मांच्या संस्कारांचा उल्लेख आला की मी आतून ताठ व्हायचे. कर्म आणि पुनर्जन्म यांचा प्रश्न बाबासाहेबांनी त्या पुस्तकाच्या प्रास्ताविकातच उभा केलाय. तो वाचत मोठी झालेली मुलगी हे मुकाट कसं गिळणार? पाचव्या दिवशी दुपारच्या प्रश्नांच्या वेळेत सहायक आचार्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, मागचा पुढचा जन्म बाजूला ठेवा, आता या क्षणी अंगावर काय आहे तेवढं बघा. उत्तर चलाख होतं असं तेव्हा वाटलं. आजही थोडं वाटतं. पण बघायला सांगितलं होतं ते मी बघितलं, आणि पाठीतला तो ताठरपणा बऱ्याचदा माझ्या डोळ्यांदेखत विरघळला.

बाराव्या दिवशी आजीने विचारलं, ‘तिथं डोळे मिटून काय पाह्यलं वं माय?’

मी सांगायला लागले, संवेदना, अनिच्च (म्हणजे काहीच टिकत नाही), समता. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, ‘मंग आपण वंदनेच्या आंधी दोन मिन्टं गप बसतो, थे काय असते?’

मला खरंच उत्तर आलं नाही. त्या दोन मिनिटांत मी जन्मभर चपला कुठे काढल्यात याचा विचार केला होता.

आता एक गोष्ट माझ्या काकांसाठी, ते हे वाचतात म्हणून. बाबासाहेबांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी कुशीनाराचे, पण मूळ ब्रह्मदेशचे. बाबासाहेब 1954मध्ये रंगूनला बौद्ध परिषदेला गेले होते. त्याच रंगूनमध्ये देशाचे महालेखापाल राहिलेले सयाजी ऊ बा खिन विपश्यना शिकवत होते, आणि 1955मध्ये तिथे मायग्रेनने बेजार झालेला मंडालेचा एक मारवाडी व्यापारी पहिल्यांदा शिबिराला बसला. तेच गोयंका 1969मध्ये ही साधना घेऊन भारतात आले. म्हणजे काका, आपली दीक्षा आणि माझं शिबिर, दोन्ही वाटा एकाच देशातून आल्यात. एवढ्याने तुमचा मुद्दा खोडला जात नाही, मला माहीत आहे. भांडण पुढच्या रविवारी चालू ठेवू.

आजी गेली त्याला चार वर्षं झाली. मी सकाळी तासभर बसते, संध्याकाळचा तास बहुतेक बुडतो. विहारात मात्र ती दोन मिनिटं आता चुकवत नाही.

तुळशीमाळ

आमचं घर माळकरी. शिबिरात जप, माळ, पूजा सगळं तेवढ्यापुरतं बाजूला ठेवायला सांगतात. माळ ठेवली, पण श्वासाबरोबर ‘रामकृष्णहरी’ आपोआप येतं त्याला काय करू? आचार्य म्हणाले, नाव लागलं की मन नावावर बसतं, मग श्वास तसाच निसटतो. पटलं, जमलं नाही. दहा दिवस मी विठ्ठलाला हळूच बाहेर बसवत होतो आणि तो पुन्हा आत येऊन बसत होता. घरी आल्यावर हरिपाठ सुरू केला तर तिसऱ्याच अभंगाला श्वास दिसायला लागला! आता दोघांनी आपापसात काय ते ठरवावं.

अर्ध्यावर

मी सहाव्या दिवशी निघून आलो. कुठून ते लिहीत नाही.

चूक आधी माझी सांगतो. फॉर्मवर मानसिक आजाराबद्दल, औषधांबद्दल स्पष्ट विचारलेलं असतं. मी दोन वर्षांपूर्वी घबराटीच्या झटक्यांसाठी गोळ्या घेत होतो. बंद झाल्यात, मग कशाला लिहायचं, असा विचार करून ‘नाही’वर खूण केली. पाचव्या दिवशी संध्याकाळच्या सामूहिक साधनेत छातीत धडधड सुरू झाली. सूचना होती की फक्त बघा. मी बघत गेलो आणि ती वाढत गेली. रात्रभर झोप नाही. सकाळी निघतो म्हटलं तर मला सांगितलं गेलं, हे आतलं वर येतंय, मनाची शस्त्रक्रिया अर्ध्यात सोडू नका. त्यांनी फॉर्म बघितला होता, त्यात काहीच नव्हतं, त्यामुळे त्यांना पूर्ण दोष देत नाही. पण हात थरथरणाऱ्या माणसाला शस्त्रक्रियेचं उदाहरण देऊ नये, एवढं माझं म्हणणं आहे. दुपारी खरं सांगितल्यावर सोडलं, गाडीत बसवूनही दिलं.

माझा बारावा दिवस डॉक्टरांकडे गेला. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, दहा तास डोळे मिटून बसणं सध्या तुमच्यासाठी नाही, दहा मिनिटं डोळे उघडे ठेवून चाला. गेली तीन वर्षं रोज सकाळी सोसायटीभोवती चालतो, तळपाय जमिनीला लागतो तेवढं बघतो. याला साधना म्हणायचं की नाही माहीत नाही. ज्यांना फॉर्म भरायचाय त्यांनी कृपया खरं लिहा.

कसारा_फास्ट

@अर्ध्यावर, हे लिहिलंत, बरं केलंत. तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वर कायमचा चिकटवून ठेवतेय.

पोह्यांची_बशी

फोंड्याहून. साधक म्हणून नाही, दहा दिवस रजेवर गेलेली गृहिणी म्हणून लिहिते.

आमच्या गोव्याचे धर्मानंद कोसंबी. साखवळचे. बुद्धाच्या ओढीने 1899मध्ये घर सोडलं, 1902मध्ये सिलोनला जाऊन भिक्षू झाले. मोठा माणूस, वाद नाही. पण त्यांच्याबद्दल वाचताना मला नेहमी घरी राहिलेल्या बायकोचा विचार येतो. पोर लहान होतं. तिला कोण म्हणणार, जा बाई, तुलाही धर्म शोधायचा असेल?

माझ्या दहा दिवसांसाठी मी महिनाभर तयारी केली. वाटणाचे डबे फ्रीजरमध्ये, सोलकढीचं आगळ काढून, गॅसचा नंबर दारावर, सासूबाईंच्या गोळ्या वाराप्रमाणे कप्प्यांत. लोक म्हणतात, तिथलं मौन कठीण. अहो, मला बोलायला बंदी झाली याचं काही वाटलं नाही, मला कुणी हाक मारली नाही याचंच आश्चर्य! लग्नाला बावीस वर्षं झाली, ‘माझं अमुक कुठे आहे’ हा प्रश्न पहिल्यांदा सलग दहा दिवस ऐकला नाही. अकरा वाजता जेवण, पाच वाजता चहा, कुरमुरे, केळं, आणि ते दुसऱ्या कुणीतरी केलेलं. तिसऱ्या दिवशी ताट हातात आलं आणि मला रडू आलं. आजूबाजूच्यांना वाटलं असेल, बाईंना खूप खोल काही लागलं.

बारावा दिवस? दारातच नवऱ्याने विचारलं, ‘जिरं कुठे ठेवलंस?’ मी श्वास बघितला. मग जिरं दाखवलं.

आता दरवर्षी जाते. श्वासासाठी की ताटासाठी, त्या खोलात जात नाही.

वरण_भात

ते ताट पलीकडून वाढणारा मी. आठ शिबिरांत धम्मसेवक म्हणून स्वयंपाकघरात होतो. बसण्यापेक्षा सेवा अवघड, हे कुणी आधी सांगत नाही. साधकांना मौन असतं. आम्हाला कामापुरतं बोलायची मुभा असते, आणि तिथेच घोळ होतो. सव्वाशे माणसांच्या आमटीत मीठ कुणी घालायचं यावर दोन सेवकांचं असं जुंपलं की आमटी दोघांच्या मिठाने खारट झाली. बाजूच्या हॉलमध्ये त्या वेळी सामूहिक साधना संपत होती. ‘भवतु सब्ब मंगलं’ ऐकू आलं, आम्ही तिघांनी सवयीने ‘साधु साधु साधु’ म्हटलं आणि पुन्हा मिठावर आलो.

खारट आमटी साधकांनी बिनबोभाट खाल्ली. बिचारे, मौनात होते.

पैशांबद्दलही सांगतो. राहण्याजेवण्याचे पैसे घेत नाहीत. एक शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच दान घेतात, तेही त्याला वाटलं तर. म्हणजे तुमच्या ताटातला भात तुमच्या आधी येऊन गेलेल्या कुणीतरी दिलेला असतो. माझ्या पहिल्या शिबिराचा भात कुणाचा होता, हे मी मीठ घालताना अजून आठवतो.

बर्फवृष्टी

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या शेलबर्नच्या केंद्रात बसलो, फेब्रुवारीत. सूचना इंग्रजीत, पण गुरुजींचे दोहे हिंदीतच लागतात. हॉलमध्ये शंभरेक गोरी माणसं शब्द न कळता शांत बसलेली, आणि मी एकटा शब्द कळतात म्हणून अस्वस्थ. त्या आवाजात मला आमच्या अकोल्याच्या वाणीकाकांचा सूर ऐकू यायचा. अनिच्च वगैरे ठीक, मला दहा दिवस फक्त घरची आठवण आली.

गिझर

मी बसत नाही. नवरा बसतो, नऊ वर्षं झाली. धाग्यात आमच्यासारख्यांना जागा आहे का?

पहिल्या शिबिराहून आला तेव्हा दिवसभर घरात जणू साधू वावरत होता. हळू बोलणं, ताट धुऊन ठेवणं, माझ्याकडे अशा करुणेने बघणं की मला वाटलं, मला काही आजार झालाय आणि यालाच फक्त माहीत आहे. बाराव्या दिवशी सकाळी गिझर कुणी चालू ठेवला यावरून माणूस असा ओरडला की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. मी म्हटलं, आला बाबा माझा नवरा परत.

नऊ वर्षांत ओरडणं थांबलेलं नाही. पण पूर्वी ओरडून झाल्यावर तीन दिवस अबोला असायचा. आता तो तासाभराने स्वयंपाकघरात येतो, ओट्याला टेकून उभा राहतो आणि ‘गिझर मीच ठेवला होता’ म्हणतो. हा एवढाच फरक. मोजून सांगते, अडीच दिवस आणि वर काही तास.

पहाटे साडेचारला त्याचा गजर होतो, तो उठतो आणि माझी झोप मोडते. तेवढं त्या ध्यानात बसत असेल तर बघा म्हणावं.

नवीन_साधक

वाचतोय सगळं. माझं शनिवारी इगतपुरीला शिबिर आहे. छत्री लागेल का? आणि गुडघ्यांसाठी काही?

कसारा_फास्ट

छत्री दोन ने. एक तिथे हरवते, मौनात विचारता येत नाही. गुडघ्यांसाठी उशा तिथेच मिळतात, पहिल्या दिवशी पाच घेशील, दहाव्या दिवशी एक उरेल. आणि चपलेला रंगीत दोरा बांध, हॉलबाहेर सगळ्या सारख्याच दिसतात. परत आलास की इथेच लिही. बाराव्या दिवशी, अकराव्या नाही.