खोलीच्या दोन केल्या, हवेचं काय केलंत?

मोठ्या खोलीत आडवी भिंत घालून दोन खोल्या करायच्या आहेत. खिडक्या एकाच बाजूला. जिप्सम की प्लायवूड यावर सगळे भरभरून सल्ले देतात. भिंत झाल्यावर आतल्या खोलीत कोंदटतं का, ते कोणी सांगत नाही. प्रत्यक्ष राहून बघितलेल्यांनी लिहा.

* * *

आम्ही भिंत छताला भिडवलीच नाही. वर दीडेक फूट मोकळं. गरम हवा वर चढते, तिला तिथून वाट मिळते. उन्हाळ्यात फरक चांगलाच जाणवतो. पण आवाज! लेक रात्री पलीकडे फोनवर कुजबुजत असतो, मला शब्दन् शब्द ऐकू येतो. त्याला अजून पत्ता नाही.

* * *

वरच्या त्या मोकळ्या जागेत सरकत्या काचा बसवून घ्या. दिवसा उघड्या, झोपताना बंद. उजेडही येतो. खाचेतली धूळ काढायला स्टूल लागतं, एवढीच कटकट.

* * *

आमची आतली खोली बिनखिडकीची, म्हणून एक्झॉस्ट लावला. दार बंद केलं की तो नुसता घरघरायचा, कारण बाहेर टाकायला आधी हवा आत तर यायला हवी! सुताराकडून दार खालून दीड सेंटिमीटर तासून घेतलं. आता फटीपाशी टिश्यूचा कपटा धरला की आत ओढला जातो. दुसरी गंमत नंतर कळली: कंत्राटदाराने पंख्याचा पाइप फॉल्स सीलिंगच्या पोकळीतच सोडून दिला होता. छताला ओलीचे डाग पडले तेव्हा उघडकीला आलं. पाइप बाहेर काढलाय ना, हे सीलिंग बंद होण्याआधी स्वतः बघा.

* * *

खिडकीच्या मधोमध भिंत आणणाऱ्यांसाठी: सरकती खिडकी असेल तर विसरा. एक झडप दुसरीवर सरकायलाच जागा उरत नाही, दोन्हीकडे कायमची बंद काच. आम्हाला शेवटी दोन्ही बाजूंना बाहेर उघडणाऱ्या झडपा करून घ्याव्या लागल्या. शिवाय खिडकीशी भिंतीची कड नीट बंद केली नाही तर आवाज तिथूनच जातो.

* * *

मधल्या भिंतीत हवेसाठी दोन जाळ्या ठेवायच्या तर एक जमिनीलगत आणि एक छतालगत ठेवा. दोन्ही एकाच उंचीवर शेजारी-शेजारी असल्या तर तेवढा उपयोग होत नाही. आणि छताच्या पंख्यावर विसंबू नका, तो आहे तीच हवा फिरवतो.

* * *

वरच्या मजल्यावर विटांची भिंत घालणार असाल तर स्लॅबला वजन झेपेल का, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी विचारा. हलकं पार्टिशन बरं.

* * *

कोणी लिहिलं नाही म्हणून: आतल्या बंद खोलीत गॅस गीझर किंवा शेगडी अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जाळ्या आहेत म्हणून चालेल, असं समजू नका.