मदत हवी आहे: इटालियन 'मेत्तेरे'ला इंग्रजीत काय लिहू?

नमस्कार मंडळी. दादरला घरीच इटालियन शिकतेय. वहीत 'मेत्तेरे'पुढे 'पुट' लिहून मोकळी झाले आणि फसले. 'मेत्तेरे इल साले' म्हणजे मीठ घालणे, तिथे ॲड. 'मेत्तेर्सी ला जाक्का', जॅकेट घालणे, पुट ऑन. 'मेत्तेरे ला झ्वेल्या', गजर लावणे, सेट. (आपलं घालणं-लावणं किती जवळचं! उगाच मध्ये इंग्रजी आणतेय.) 'चि मेत्तो वेन्ति मिनूती' म्हणजे तर मला वीस मिनिटं लागतात, ठेवण्याचा संबंधच नाही.

आता अडलंय 'अप्पोज्जारे'पाशी. सायकल भिंतीला टेकवली तरी तेच, कप टेबलावर ठेवला तरी तेच. सायकलीला लीन चालेल, पण कपासाठी पुट डाउन की प्लेस? इटालियन येणारं कुणी आहे का इथे?