सर्वाधिक आदर मिळवणारे खेळाडू: मतदान कसं घ्यावं आणि कोणती नावं टिकतील?

सीमारेषा

नमस्कार मंडळी,

क्रीडाप्रेमींसाठी एक मतदान तयार करतोय. विषय: चाहत्यांच्या मनात सर्वाधिक आदर कोणत्या खेळाडूबद्दल आहे? खेळ, देश, काळ, कशाचंच बंधन नाही.

अडचण अशी की हा प्रश्न सरळ विचारला की लोक आपल्या आवडत्या खेळाडूचं नाव लिहून मोकळे होतात. शेवटी हाती लागते ती लोकप्रियतेची यादी, आणि तीही गेल्या चार-पाच वर्षांपुरती. आवडता खेळाडू वेगळा आणि आदर वाटणारा वेगळा हे कुणालाही पटतं, पण मत देताना दोन्ही एकच होऊन जातात.

जाणकारांकडून तीन गोष्टी हव्या आहेत. आदराचा निकष काय धरावा, प्रश्न कसा विचारावा, आणि यादीत कोणते प्रसंग घ्यावेत. प्रसंग पडताळता येण्यासारखे हवेत. ‘फार नम्र आहे हो तो’ एवढ्यावर कुणाला मत मागता येत नाही.

---

तिसरा_पंच

निकषापासून सुरुवात करू. प्रत्येक प्रसंगाला तीन प्रश्न विचारा. सामन्याचा निकाल तेव्हा लागायचा होता का? नियमाने ती कृती सक्तीची होती का? आणि त्या खेळाडूला त्याची काय किंमत मोजावी लागली, किंवा मोजावी लागू शकली असती? सामना खिशात असताना दाखवलेला दिलदारपणा या तिसऱ्या प्रश्नावर गळून पडतो.

अ‍ॅडम गिलख्रिस्ट, २००३च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर श्रीलंका. अरविंद डिसिल्व्हाला स्वीप मारताना चेंडू बॅटची कड घेऊन पॅडवर आदळला आणि यष्टिरक्षक संगकाराने झेलला. पंच रूडी कर्टझन यांनी बाद दिलं नव्हतं. गिलख्रिस्ट २२ धावांवर स्वतःहून चालू पडला. संघाची फलंदाजी पहिली होती, डाव २१२ पर्यंतच पोहोचला आणि तेवढंही सायमंड्सच्या नाबाद ९१ मुळे. तो निघाला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ऑस्ट्रेलिया पुढे जिंकली हे खरं, पण मत देताना तो भाग झाकूनच ठेवा. तिन्ही प्रश्नांना पुरून उरणारा प्रसंग आहे हा.

दुसरा कर्टनी वॉल्शचा. १९८७चा विश्वचषक, लाहोर. पाकिस्तानची शेवटची जोडी, शेवटचा चेंडू, हव्यात दोन धावा. वॉल्श धावत आला तेव्हा नॉन-स्ट्रायकर सलीम जाफर क्रीझच्या बराच बाहेर गेला होता. बेल उडवली असती तर सामना तिथेच संपत होता. वॉल्श थांबला, नुसती ताकीद दिली आणि परत रनअपला गेला. अब्दुल कादिरने पुढच्या चेंडूवर दोन धावा काढल्या, वेस्ट इंडिज एका विकेटने हरलं आणि त्या वेळी उपांत्य फेरीही गाठू शकलं नाही. किंमत म्हणतात ती ही.

इथे एक सावधगिरी. असा धावबाद तेव्हाही नियमात बसत होता, पण संकेताला धरून नव्हता. २०२२ पासून क्रिकेटच्या नियमावलीत तो ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून ‘धावबाद’च्या कलमात टाकलाय. त्यामुळे आजचा तरुण मतदार म्हणेल, यात वॉल्शने विशेष काय केलं, उलट बाद करायला हवं होतं. म्हणून प्रसंगासोबत त्या वेळचा संकेत एका ओळीत लिहिणं आवश्यक आहे.

---

चुनखडीची_रेघ

वरच्या निकषांशी सहमत. ट्रॅकवरचं पहिलं नाव माझ्या मते जॉन लँडी.

१९५६, मेलबर्न, ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय स्पर्धा, एक मैल. तिसऱ्या फेरीत तरुण रॉन क्लार्क पडला. मागून येणाऱ्या लँडीने त्याच्यावरून उडी मारली, पण त्याचे स्पाइक्स क्लार्कच्या दंडाला लागले. लँडी थांबला, उलट फिरला, क्लार्कला काही झालं नाही ना ते पाहिलं आणि मग पुन्हा धावायला लागला. तोवर बाकीचे बरेच पुढे निघून गेले होते. तरीही त्याने सगळ्यांना गाठलं आणि ४ मिनिटं ४.२ सेकंदांत शर्यत जिंकली. मैलाचा जागतिक विक्रम तेव्हा त्याच्याच नावावर होता, ३ मिनिटं ५८ सेकंद. म्हणजे त्या दिवशी पणाला काय लागलं होतं ते बघा. मधल्या अंतराच्या शर्यतीत पूर्ण थांबून परत वेग घेणं म्हणजे नुसते सेकंद जाणं नाही. लय तुटते, पाय जड होतात, तोवर राखून ठेवलेला दम भलतीकडेच खर्च होतो.

पुढे हाच क्लार्क लांब पल्ल्याचा मोठा धावपटू झाला, जागतिक विक्रमांची रांग लावली, पण ऑलिंपिकचं सुवर्ण त्याला कधीच मिळालं नाही. १९६६ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक याने निरोप देताना त्याच्या हातात एक पुडकं ठेवलं. आत १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं १०,००० मीटरचं सुवर्णपदक होतं. झाटोपेकने त्या एका स्पर्धेत ५,०००, १०,००० आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णं मिळवली होती, त्यातलंच हे एक. हा प्रसंग मैदानावरचा नाही, त्यामुळे तिसरा_पंच यांच्या पहिल्या प्रश्नावर अडतो. पण निकषात बसत नाही म्हणून झाटोपेकला वगळणार असाल तर मी निकष बदला म्हणेन.

टोकियो ऑलिंपिकच्या उंच उडीचं नाव हमखास येईल. बार्शिम आणि तांबेरी, दोघांची २.३७ मीटर, तोवर दोघांचीही एकही उडी चुकलेली नाही, मग २.३९ वर तीन-तीन अपयश. जंप-ऑफ, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीच्या जादा उड्या, न घेता दोघांनी सुवर्ण वाटून घेतलं. सुंदर क्षण, पण नियमानेच तशी मुभा दिलेली आहे आणि दोघांनाही सुवर्णच मिळालं. २०२४ ला पॅरिसमध्ये हॅमिश केर आणि शेल्बी मॅकएवन २.३६ वर असेच बरोबरीत आले. त्यांनी जंप-ऑफ घेतली, केर जिंकला, मॅकएवनला रौप्य. जोखीम त्यांनी जास्त घेतली म्हणायची. तरी लोक टोकियोलाच मत देतील, कारण ती मिठी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे.

---

आकडेमोड

प्रश्न कसा विचारायचा त्याबद्दल लिहितो, कारण मतदान तिथेच फसतं.

आदर आणि लोकप्रियता वेगळी मोजण्याचं एक तयार उदाहरण टेनिसमध्ये आहे. एटीपीचा, म्हणजे पुरुष व्यावसायिक टेनिसपटूंच्या संघटनेचा, स्टेफान एडबर्ग पुरस्कार खिलाडूवृत्तीसाठी असतो आणि त्याला मतं देतात खेळाडू. चाहत्यांच्या आवडत्या खेळाडूचा पुरस्कार वेगळा, त्याला मतं देतात चाहते. फेडररला पहिला १३ वेळा मिळाला, दुसरा २००३ ते २०२१ सलग १९ वेळा. २०१८ ते २०२१ या चार वर्षांत मात्र चाहत्यांचं मत फेडररला आणि खेळाडूंचं नदालला गेलं. मतदार बदलला की उत्तर बदलतं. म्हणून तुमच्या मतदारांना चाहत्याच्या भूमिकेतून थोडं बाहेर काढावं लागेल.

दोन फेऱ्या घ्या. पहिली फक्त नावं सुचवण्यासाठी. प्रत्येकाकडून तीन नावं मागवा: एक तुमच्या संघाच्या किंवा आवडत्या खेळाडूच्या प्रतिस्पर्ध्याचं, एक तुम्ही नेहमी पाहत नाही अशा खेळातलं, तिसरं कुठलंही. प्रत्येक नावापुढे एकच प्रसंग, दोन ओळींत. प्रसंग नसेल तर नाव बाद. एवढ्यानेच निम्मी गर्दी कमी होते.

दुसरी फेरी नावं झाकून. निवडलेल्या प्रत्येक प्रसंगाचं साठ ते सत्तर शब्दांचं कार्ड करा. नाव, देश, वर्ष, पदकांची संख्या यातलं काही नको. सगळी कार्डं सारख्याच लांबीची हवीत, कारण लांब कार्डाला उगाच वजन येतं. मग दोन-दोन कार्डं समोर ठेवून विचारा, यातल्या कुणाबद्दल जास्त आदर वाटतो? बारा कार्डं असतील तर जोड्या ६६ होतात. एका माणसाला एवढ्या दिल्या की विसाव्यानंतर तो वाचेनासा होतो. प्रत्येकाला दहाच द्या, वेगवेगळ्या. साठ-सत्तर मतदार असले की प्रत्येक जोडी दहाएक वेळा पाहिली जाते, तेवढं पुरतं. कार्डाखाली ‘खेळाडू ओळखला’ अशी चौकट ठेवा आणि ती मतं वेगळी मोजा. ओळखणाऱ्यांचा आणि न ओळखणाऱ्यांचा निकाल शेजारी-शेजारी मांडला की लोकप्रियतेचा वाटा किती ते सरळ दिसेल.

एक ते दहा गुण देण्याची पद्धत टाळा. आदराच्या विषयात सगळेच आठ-नऊ देतात आणि फरक उरत नाही.

---

पिवळं_कार्ड

प्रसंग पडताळताना स्पर्धा कोणती, कृतीच्या क्षणी गुणफलक काय आणि नंतर काय झालं हे तपासा. फिरत्या मजकुरात नेमकं हेच बदललेलं असतं.

अमेरिकेचा कृष्णवर्णीय जेसी ओवेन्स आणि जर्मनीचा लुझ लाँग, बर्लिन ऑलिंपिक १९३६, लांब उडी. पात्रता फेरीत लाँगने ओवेन्सला उडीची खूण मागे घेण्याचा सल्ला दिला ही गोष्ट सगळीकडे आहे, पण इतिहासकारांना ती संशयास्पद वाटते. अंतिम फेरीनंतर लाँगने सर्वांसमोर त्याचं अभिनंदन केलं, दोघे हातात हात घालून चालले, हे मात्र पक्कं आहे. कार्डावर तेवढंच घ्या. नाझी राजवटीच्या प्रेक्षकांसमोर एका जर्मन खेळाडूने ते करणं पुरेसं मोठं आहे, त्याला जोड लागत नाही.

इव्हान फर्नांडेझ आणि आबेल मुताई या धावपटूंचंही तसंच. शर्यत संपली समजून आघाडीवरचा मुताई रेषेच्या अलीकडेच थांबला आणि फर्नांडेझने त्याला मागे न टाकता पुढे जायला लावलं. ही ऑलिंपिकची शर्यत म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात ती डिसेंबर २०१२ मधली स्पेनमधल्या बुर्लादा इथली क्रॉस-कंट्री होती. मुताईने त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकला स्टीपलचेसमध्ये (अडथळे पार करत धावायची शर्यत) कांस्य घेतलं होतं, त्यातून घोळ होत असावा.

फुटबॉलमध्ये वेळ बघा. खेळ पुन्हा सुरू झाला की पंचाला आधीचा निर्णय बदलता येत नाही. २०१२ मध्ये लाझिओकडून खेळताना मिरोस्लाव क्लोजेने नापोलीविरुद्ध ०-० असताना हाताने गोल झाल्याचं लगेच सांगितलं, म्हणून गोल रद्द झाला. लाझिओ ०-३ हरली. रॉबी फाउलरने १९९७ मध्ये आर्सेनलविरुद्ध ‘पेनल्टी नाही’ असं सांगूनही पंचाने ती दिलीच. फाउलरचा फटका अडवला गेला, पण परतलेल्या चेंडूवर मॅकएटीरने गोल केला. कृती सारखीच, परिणाम उलटे. कार्डावर कृती लिहा, शेवट लिहू नका.

---

तिसरा_पंच

शेवट झाकण्याला पूर्ण पाठिंबा. टेनिसपटू अँडी रॉडिकच्या प्रसंगात तर तो फार महत्त्वाचा. रोम २००५, प्रतिस्पर्धी वर्दास्को, रॉडिककडे तीन मॅच पॉइंट. वर्दास्कोची दुसरी सर्व्हिस बाहेर दिली गेली, म्हणजे सामना संपला. मातीवरच्या खुणेकडे बोट दाखवून रॉडिकनेच ती आत असल्याचं सांगितलं, आणि पुढे तो सामना हरला. शेवट कळला की लोक हळहळीपोटी मत देतात.

पिवळं_कार्ड यांना एक प्रश्न: लॉरेन्स लेमियूला कुठे बसवाल? १९८८ ऑलिंपिक, फिन वर्गाच्या (एकट्याने चालवायच्या शिडाच्या बोटींच्या) शर्यतीत दुसरा असताना उलटलेल्या बोटीच्या दोन सिंगापुरी खलाशांना वाचवायला वळला आणि शर्यतीत २२वा आला. पण नौकानयनात संकटातल्या माणसाला मदत करणं नियमानेच बंधनकारक आहे, आणि पंचमंडळाने त्या शर्यतीचं दुसरं स्थान त्याला परत दिलं. म्हणजे माझ्या दोन प्रश्नांवर तो अडकतो.

---

पिवळं_कार्ड

घ्याच. नियम मदत करा म्हणतो, पण उसळलेल्या समुद्रात, वेगळ्या वर्गाच्या बोटीसाठी, पदकाच्या शर्यतीतून वळणं कागदावरच्या कलमाने होत नाही. आणि स्थान परत मिळालं तरी एकूण स्पर्धेत तो ११वा राहिला.

तुमचा दुसरा प्रश्न गोल्फवरही अन्याय करतो. बॉबी जोन्सने १९२५च्या यूएस ओपनमध्ये गवतात चेंडू किंचित हलल्याचा एक फटक्याचा दंड स्वतःवर लावून घेतला. इतर कुणी ते पाहिलं नव्हतं. नियमित फेऱ्यांनंतर तो बरोबरीत राहिला आणि बरोबरी फोडणाऱ्या प्लेऑफमध्ये हरला. नियम पाळला एवढंच, पण न पाळता निभावलं असतं.

---

चुनखडीची_रेघ

दुखापतीचे प्रसंग वेगळे ठेवा, ही विनंती. कुंबळेने २००२ मध्ये अँटिग्वात मोडक्या जबड्याला पट्टी बांधून १४ षटकं टाकली आणि लाराला पायचीत केलं. पाहताना अंगावर काटा येतो. पण असे प्रसंग वरच्या यादीत मिसळले की मतदार सहनशक्तीलाच आदर समजू लागतो आणि थांबणाऱ्याला कमी लेखतो. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टोकियोत हवेत दिशाभान हरवत असल्याने अंतिम फेऱ्यांतून बाहेर पडली. डोकं खाली असताना आपण जमिनीपासून किती उंच आहोत हे कळत नसेल तर मानेवर पडायचा धोका असतो. तिने घेतलेला निर्णय धाडसाचाच होता.

मैदानाबाहेरच्या भूमिकाही स्वतंत्र गटात हव्यात. तिथे पीटर नॉर्मन विसरू नका: १९६८चं मेक्सिको ऑलिंपिक, २०० मीटरमध्ये रौप्य, वर्णभेदाच्या निषेधार्थ मूठ उंचावणाऱ्या स्मिथ आणि कार्लोस या अमेरिकी धावपटूंसोबत पोडियमवर मानवी हक्कांचा बिल्ला लावून उभा राहिला. २००६ मध्ये त्याच्या अंत्ययात्रेत त्या दोघांनी खांदा दिला.

---

सीमारेषा

फार उपयोगी पडलं सगळं. तीन गट करतो: मैदानावरची कृती, दुखापत आणि पुनरागमन, मैदानाबाहेरची भूमिका. नमुन्याचं पहिलं कार्ड असं:

‘बर्फावरच्या स्लेजची दोघांची शर्यत. एका इटालियन खेळाडूने या खेळात जगज्जेतेपदं मिळवली होती, पण ऑलिंपिक सुवर्ण अजून बाकी होतं. शर्यत चालू असताना प्रतिस्पर्धी जोडीच्या स्लेजच्या आसाचा बोल्ट तुटला. सुटा बोल्ट मिळेना. त्याने स्वतःच्या स्लेजचा बोल्ट काढून त्यांना दिला. त्या जोडीने सुवर्ण जिंकलं, याला कांस्य मिळालं.’

---

आकडेमोड

मोंटीचं (हाच तो स्लेजवाला, एउजेनिओ मोंटी) कार्ड छान जमलंय, दोन दुरुस्त्या. ‘इटालियन’ काढा, आणि शेवटचं वाक्य पूर्ण काढा, इन्सब्रुक १९६४चा निकाल त्यातून उघड होतो. कमी झालेल्या शब्दांच्या जागी दुसरा बोल्ट नसता तर त्या जोडीला शर्यत सोडावी लागली असती, एवढं लिहा.