मदत हवी आहे: शिवाजी पेठ ते कागल फाइव्ह स्टार, रोज गाडीने. सवय कधी होते?

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये पहिली नोकरी लागली, कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत, क्वालिटीला ट्रेनी म्हणून. घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. कॉलेजची चार वर्षं स्कूटीवर गेली. नोकरीचं पत्र आलं तशी पप्पांनी त्यांची बारा वर्षांची गाडी धुऊन, हार घालून किल्ली माझ्या हातात दिली. "हायवेला स्कूटी नको," एवढंच म्हणाले. ते स्वतः आता मोटारसायकलवर दुकानाला जातात. हे आधीच सांगून ठेवते, कारण खरी अडचण तिथंच आहे.

रस्ता असा: हॉकी स्टेडियम, सायबर चौक, विद्यापीठ, शाहू नाक्याला हायवे, गोकुळ शिरगाव, लक्ष्मी टेकडीला आत. एका बाजूने २२ किलोमीटर. सकाळी साडेसातला निघते, सव्वाआठला गेटवर. सकाळचं काही वाटत नाही. संध्याकाळी मात्र साडेपाचला सुटते तेव्हा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांचीही सुट्टी झालेली असते, सहापदरीकरणामुळे रस्ता आज इथून वळवलेला तर उद्या तिथून, आणि दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. परवा अंधारात ट्रॉली दिसायच्या आधी ट्रॅक्टरवरचं गाणं ऐकू आलं, म्हणून ब्रेक वेळेत लागला.

घरी पोचायला सात. डावा गुडघा ठणकत असतो, डोळे चुरचुरतात, आणि आई नुसतं "चहा ठेवू?" म्हणाली तरी मी अंगावर जाते. आज्जी म्हणते, "बसूनच तर येतीस की!" जर्मनचा क्लास लावला होता, दोनदा गेले. (एक गंमत: जाताना ऊन डाव्या खिडकीतून आणि येतानाही डाव्याच. शेजारच्या सीटवर कुणी असतं तर भांडलं असतं.)

हिशोबही घाला. महिन्याला ११०० किलोमीटर, गाडी देते सोळाचं अॅव्हरेज, म्हणजे पेट्रोलला सात हजारांच्या वर. हातात येतात २१ हजार.

कंपनीची बस आहे, पण पावणेसातला पिकअप आणि घरी यायला साडेसात. एक मैत्रीण म्हणते कागलात खोली घे. घरी अजून काहीच बोलले नाही. पप्पांना काय सांगू, तुमची गाडी नको म्हणून? आणि गुडघ्याचं काय करू?

प्रतिसाद: उसाच्या मागचा

सवय व्हायला आधी ऊस संपाय लागतोय. मार्चपर्यंत कळ काढ.

प्रतिसाद: चौदा वर्षं हायवे

गुडघ्याचं आधी बघू. सीट किती मागे आहे? क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणून दाबत असशील तर दुखणारच. दुसरं, गिअर बदलून झाला की पाय क्लचवरून काढून बाजूला ठेवायचा. नवीन माणूस भीतीपोटी पाय तिथंच ठेवून बसतो, पायही जातो आणि क्लचप्लेटही. रांगेत थांबलीस की न्यूट्रल कर. गाडी बारा वर्षांची आहे, तर क्लचची केबल मेस्त्रीला दाखव. जुनी केबल इतकी जड होते की आपल्याला वाटतं आपलाच पाय कमजोर.

डोळ्यांसाठी: पुढची काच आतून पूस. बाहेरून सगळेच पुसतात, पण आतल्या चिकट थरावर समोरचा अप्पर पसरतो. आतल्या आरशाखाली छोटी कळ असते, रात्री ती फिरवली की मागच्या ट्रकचा उजेड डोळ्यात येत नाही. एवढं करूनही चुरचुरलं तर नंबर तपासून घे.

ट्रॉलीला डावीकडून कधीच काढायचं नाही. मागची ट्रॉली झोलते, खड्डा आला की जास्तच. उजवीकडे रस्ता मोकळा दिसेपर्यंत लांब राहा, पाच मिनिटं उशीर झाला तर झाला.

मी शिरोलीला होतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात हायवेच पाण्याखाली गेला, कंपनी डोळ्यासमोर आणि जायला वाट नाही. तुला पंचगंगा ओलांडावी लागत नाही, तेवढं सुख समज.

प्रतिसाद: राजारामपुरीकर

खोलीचं लगेच नको. भाडं, मेस, शिवाय शनिवारी घरी येणं धरलं तर पेट्रोलएवढंच होतं. बसला वेळ जास्त जातो हे खरं, पण त्या वेळात झोपता येतं. मी दोन वर्षं तेच केलं. आणि गाडी परत करतेय असं का म्हणतेस? आठवड्यातून दोन दिवस ने, बाकी बस. पप्पांना "नको" म्हणू नकोस, "दमते" म्हण. दोन्ही वेगळं आहे. त्या दोन दिवसांत पेठेतलं कुणी कागलला जाणारं असेल तर सोबत घे, पेट्रोल अर्धं.

मूळ लेखिका:

सगळ्यांचे आभार. सीट दोन खाचे पुढे घेतली. मेस्त्रीने केबल बदलली. जुनी हातात धरून म्हणाला, "हे दाबत होता व्हय रोज?" गुडघा निम्म्याने तरी कमी आहे. काच आतून पुसली तर फडकं काळं झालं, लाज वाटली.

पप्पांशी रविवारी बोलले. ते आधी म्हणाले, "हायवेची भीती वाटतीय का?" म्हटलं, नाही, दमते. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग मंगळवार, बुधवार, शुक्रवार गाडी मला दे. लक्ष्मीपुरीतनं माल आणायचा असतोय." गेले साडेचार महिने पोती मोटारसायकलला बांधून आणत होते. घरात सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून.

मंगळवारपासून बस. बसमध्ये उजवीकडची खिडकी धरायची ना?