विषय: फायर स्टेशनची कपात आणि कौन्सिलचं मत

रेडिंगहून

नमस्कार मंडळी,

इथे इंग्लंडमध्ये कौन्सिलची (स्थानिक नगरपालिकेची) निवडणूक जवळ आली की दारात पत्रकं पडायला लागतात आणि त्यांतल्या काहींवर 'आपलं फायर स्टेशन वाचवू' असं वचन असतं. ते वचन देणाऱ्याच्या हातात आहे का, हे कसं ओळखायचं? कपातीचा आराखडा लोकांसमोर आला तर त्यात नेमकं काय वाचायचं? आणि भारतीय पासपोर्टवाल्यांना या निवडणुकीत मत असतं का, हे नव्याने आलेले बरेच जण विचारतात. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

क्रॉयडनहून

ताई, पहिल्या प्रश्नावर मतदारांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून आधी तोच घेतो.

इंग्लंडमध्ये अग्निशमन दल कुणाच्या ताब्यात आहे हे जागेगणिक बदलतं. ऑक्सफर्डशायर, वॉरिकशायर अशा ठिकाणी काउंटी कौन्सिलच अग्निशमन प्राधिकरण आहे. तिथे काउंटीचं मत थेट फायर स्टेशनला लागतं. तुमच्या बर्कशायरमध्ये तसं नाही. सहा कौन्सिलं (रेडिंग, स्लाव, वोकिंगहॅम, ब्रॅकनेल फॉरेस्ट, वेस्ट बर्कशायर, विंडसर-मेडनहेड) आपापले काही नगरसेवक रॉयल बर्कशायर फायर ऑथॉरिटीवर पाठवतात आणि निर्णय तिथे होतो. म्हणजे तुम्ही निवडून दिलेला नगरसेवक तिथे बसेलच असं नाही. एसेक्स, स्टॅफर्डशायरमध्ये पोलीस, फायर आणि क्राइम कमिशनर, तर लंडन आणि ग्रेटर मँचेस्टरमध्ये मेयर.

ओळखायची सोपी खूण कौन्सिल टॅक्सच्या बिलावर असते. फायर ऑथॉरिटीची स्वतंत्र ओळ दिसली तर दल वेगळ्या प्राधिकरणाचं आहे. ती ओळ नसेल आणि काउंटीची असेल, तर खर्च काउंटीच्या रकमेत आहे. लंडनमध्ये तो ग्रेटर लंडन ऑथॉरिटीच्या ओळीत येतो.

लंडनचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. २०१३ च्या आराखड्यात आधी १२ स्टेशनं बंद करायचा प्रस्ताव होता. तेव्हाच्या फायर ऑथॉरिटीत लंडन असेंब्लीचे (मेयरवर देखरेख ठेवणाऱ्या निवडून आलेल्या सभेचे) आणि बरोंचे (लंडनच्या स्थानिक कौन्सिलांचे) सदस्य होते. त्यांनी बहुमताने कपात नाकारली, तरी मेयर बोरिस जॉन्सन यांनी कायद्याने मिळालेला आदेशाचा अधिकार वापरून ती करायला लावली. सात बरो हायकोर्टात गेले आणि डिसेंबर २०१३ मध्ये हरले. क्लॅफम आणि न्यू क्रॉस वाचली. ९ जानेवारी २०१४ ला क्लर्कनवेल, बेलसाइझ, वुलिच, वेस्टमिन्स्टर धरून १० स्टेशनं बंद झाली, १४ बंब कमी झाले आणि ५५२ जागा गेल्या. पुढे २०१८ मध्ये ती ऑथॉरिटीही गेली. आता लंडन फायर कमिशनर मेयरला उत्तरदायी आहे. असेंब्लीला मेयरचं बजेट बदलायचं तर दोन-तृतीयांश मतं लागतात.

म्हणून लंडनकरांनो, बरोच्या निवडणुकीत कुणी 'स्टेशन वाचवतो' म्हणालं तर तो फार तर ठराव करेल, कोर्टात जाईल. स्टेशनवरचं खरं मत मेयर आणि असेंब्लीच्या निवडणुकीत पडतं. बर्कशायरकरांनी उमेदवाराला इतकंच विचारावं: ऑथॉरिटीवर तुमच्या पक्षाचे कोण आहेत आणि मागच्या बजेटला त्यांनी हात कुठे वर केला? सभांची इतिवृत्तं ऑथॉरिटीच्या संकेतस्थळावर असतात. उत्तर तपासून पाहता येतं.

---

वोकिंगहॅमहून

वरच्या मेलला जोडून आराखडा कसा वाचायचा ते लिहिते.

२००४ पर्यंत देशभर एकच मापदंड होता. गजबजलेल्या 'ए' जोखमीच्या भागात दोन बंब ५ मिनिटांत आणि तिसरा ८ मिनिटांत, 'बी' भागात एक ५ मिनिटांत आणि दुसरा ८ मिनिटांत, 'सी' मध्ये एक ८ ते १० मिनिटांत, 'डी' म्हणजे ग्रामीण भागात २० मिनिटांत. तो रद्द झाला आणि प्रत्येक दल आपल्या जोखीम आराखड्यात आपलं उद्दिष्ट स्वतः ठरवू लागलं. लंडनचं आहे पहिला बंब सरासरी ६ मिनिटांत, दुसरा ८ मिनिटांत. त्यामुळे शेजारच्या दलाशी तुलना करताना आधी मोजमाप एकच आहे का ते बघा. काही दलं फोन आल्यापासून वेळ धरतात, काही स्टेशनला इशारा गेल्यापासून. दुसऱ्या पद्धतीत फोन घेण्यात गेलेला वेळ हिशेबातून निसटतो आणि आकडा चांगला दिसतो.

त्याहून महत्त्वाचा दुसरा बंब. बातम्या पहिल्या बंबाच्या वेळेवर थांबतात, पण धुरात माणसं आत पाठवायची तर कामाची वाटणी अशी असते: श्वसनयंत्र घातलेली दोघांची जोडी, दारावर त्यांच्या हवेचा आणि वेळेचा हिशेब ठेवणारा एक, पंपावर एक आणि सगळ्यावर नजर ठेवणारा अधिकारी. झाले पाच. बंबावर चारच आले तर एकाला दोन कामं करावी लागतात किंवा दुसऱ्या बंबाची वाट बघावी लागते. 'बंब तेवढेच, माणसं पाचाऐवजी चार' हा प्रस्ताव कागदावर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात तो फार मोठा बदल आहे आणि त्याला किरकोळ म्हणून कुणी पुढे रेटू नये.

पैसा कुठे वाचतो तेही समजून घ्या. पूर्णवेळ स्टेशनवर चार वॉच (आळीपाळीने काम करणारे गट) असतात, दोन दिवस, दोन रात्री आणि मग चार सुट्या. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरून एका वॉचला सहा-सात जण लागतात, म्हणजे एका बंबामागे साधारण २४ ते २८ माणसं. म्हणून कपातीची पहिली नजर रात्रपाळीवर जाते आणि पूर्णवेळ स्टेशन 'दिवसा पूर्णवेळ, रात्री ऑन-कॉल' केलं जातं. ऑन-कॉल जवान दुसरी नोकरी करणारे, स्टेशनपासून साधारण पाच मिनिटांच्या अंतरात राहणारे वा काम करणारे. पेजर वाजल्यावर ते येणार, तयार होणार, मग बंब निघणार. ही व्यवस्था वाईट नाही, ग्रामीण भाग तिच्यावरच उभा आहे. तिचा दुबळा भाग म्हणजे कामाच्या दिवशी सकाळ ते संध्याकाळ, कारण तेव्हा माणसं दूर नोकरीवर असतात. चारसुद्धा जमली नाहीत तर बंब जागच्या जागी राहतो.

तेव्हा माहिती अधिकारात हे मागा (उत्तराची मुदत कामाचे २० दिवस):

– प्रत्येक बंब किती तास उपलब्ध होता, तासागणिक. वर्षाची सरासरी घेऊ नका, तिच्यात रात्रीचे चांगले आकडे दिवसाचे वाईट आकडे झाकतात.
– त्यातले किती तास पाच जण होते आणि किती तास चार.
– दुसरा बंब पोचायला लागलेला वेळ.
– आराखड्याच्या संगणकी हिशेबात ऑन-कॉल बंब कायम उपलब्ध धरला आहे का, आणि सीमेपलीकडचा, म्हणजे शेजारच्या दलाचा, बंब मोकळाच असेल असं गृहीत आहे का.

दलाची बाजूही खरी आहे. धुराचे अलार्म आणि १९८८ चे फर्निचर नियम यांचा मोठा वाटा असलेल्या बदलाने घरातल्या आगी खूप घटल्या आहेत. पण आगी कमी झाल्या म्हणून लागलेली आग हळू पसरत नाही. आणि १९ जुलै २०२२ सारख्या ४० अंशांच्या दिवशी, जेव्हा लंडनच्या कडेला घरं जळत होती, तेव्हा सरासरीचा काही उपयोग नव्हता. शिल्लक बंब किती हाच प्रश्न होता.

कन्सल्टेशनला (आराखड्यावर लोकांची मतं मागवतात त्याला) 'स्टेशन बंद करू नका' एवढंच लिहून पाठवू नका, ते फक्त मोजलं जातं. निर्णय व्हायच्या आधी विचारलं आहे का, कारणं पुरेशी दिली का, वेळ पुरेसा दिला का आणि आलेली मतं मनापासून विचारात घेतली का, या चार कसोट्या कोर्टाने १९८५ च्या ब्रेंटच्या खटल्यात मान्य केल्या आणि ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये उचलून धरल्या. आकडा मागितला आणि मिळाला नाही, तर तसं तारखेसह लिहा.

---

स्लावहून

मताधिकाराबद्दल. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि वैध व्हिसा असलेल्या १८ वर्षांवरील भारतीय नागरिकाला कौन्सिल आणि संसद दोन्ही निवडणुकांत मत आहे. विद्यार्थी आणि वर्क व्हिसावालेही त्यात आले. कायमचा निवास लागत नाही.

नावनोंदणी मतदानाच्या १२ कामाच्या दिवसांआधी. पोस्टल मताचा अर्ज ११ कामाच्या दिवसांआधी संध्याकाळी ५ पर्यंत, प्रॉक्सीचा (आपल्या वतीने दुसऱ्याने मत देण्याचा) ६ कामाच्या दिवसांआधी ५ पर्यंत. मे महिन्याचा पहिला सोमवार बँक हॉलिडे असतो, तो या मोजणीत धरत नाहीत. त्यामुळे तो मतदानाच्या आधी आला तर मुदत वाटते त्यापेक्षा एक दिवस आधी संपते.

२०२३ पासून इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकीत केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेलाही, चेहरा जुळत असेल तर. आधार, ओसीआय कार्ड आणि भारतीय वाहन परवाना चालत नाही. पोल कार्ड (मतदानाची माहिती देणारं, घरी येणारं कार्ड) ओळखपत्र नव्हे, ते विसरलं तरी मत देता येतं.

लग्नसराईत भारतात असणाऱ्यांनी पोस्टल मत तिकडे मागवू नये, मतपत्रिका येऊन परत पोचायला वेळ उरत नाही. त्यापेक्षा प्रॉक्सी. त्या व्यक्तीला स्वतःचं ओळखपत्र न्यावं लागतं आणि इथे राहणाऱ्या दोघांपेक्षा जास्त मतदारांसाठी ती उभी राहू शकत नाही.

---

हॅरोहून

स्लावच्या मेलमध्ये दोन गोष्टींची भर.

पोस्टल मत बाद होण्याचं घरगुती कारण म्हणजे नवरा-बायकोची पाकिटं अदलाबदल होणं, आणि जन्मतारखेच्या चौकटीत त्या दिवशीची तारीख लिहिणं. सही अर्जावर केली तशीच हवी. केंद्रावर पाकीट हाती द्यायचं असेल तर तिथला फॉर्म भरावा लागतो. नुसतं कौन्सिलच्या पत्रपेटीत टाकलं तर मोजत नाहीत. एका माणसाला स्वतःचं आणि इतर पाच अशीच देता येतात.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या बायकांसाठी. पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि मतदार यादीत सासरचं, असं पुष्कळदा असतं. यादीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एक असायला हवं. स्पेलिंगमधल्या किरकोळ फरकाला अडत नाहीत, पण आडनावच वेगळं असेल तर अडवतील. मुदतीआधी यादीत नाव बदलून घ्या. तेवढा वेळ नसेल तर लग्नाचा दाखला पासपोर्टसोबत घेऊन जा.